जैवसुरक्षेची राष्ट्रीय माहिती प्रणाली कशी उभारावी: नवख्यांसाठी पायरीपायरीने

जनुकीय बदल केलेल्या पिकाचा माल बंदरात उतरला की सीमाशुल्क अधिकाऱ्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: याला आपल्या देशात परवानगी आहे का, आणि असल्यास कशासाठी? पेरायला, खायला, की फक्त बंदिस्त प्रयोगशाळेत वापरायला? हे उत्तर त्याला फायली न चाळता मिळावे, अर्जदाराला आपला अर्ज कुठवर आला ते कळावे आणि शेजारच्या देशाच्या नियामकाला आपले निर्णय वाचता यावेत, यासाठी ही प्रणाली असते.

तिचा आधार म्हणजे कार्टाजेना जैवसुरक्षा प्रोटोकॉल, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या जीवांच्या सीमापार वाहतुकीबद्दलचा, जैवविविधता कराराखालचा आंतरराष्ट्रीय करार. तो २९ जानेवारी २००० रोजी माँट्रियल येथे स्वीकारला गेला आणि ११ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याच्या कलम २० ने ‘बायोसेफ्टी क्लिअरिंग-हाउस’, म्हणजे बीसीएच, ही जागतिक ऑनलाइन नोंदवही निर्माण केली. राष्ट्रीय प्रणाली हे तिचेच देशातले टोक.

बरेच प्रकल्प संकेतस्थळाच्या निविदेपासून सुरू होतात आणि तिथेच फसतात. पडदा देखणा होतो, पण आत काय भरायचे, कोणी आणि कधी, हे ठरलेलेच नसते. म्हणून या लेखात संकेतस्थळ अगदी उशिरा येते.

पायरी १: देणे काय आहे ते लिहून काढा

चार रकान्यांचा तक्ता करा: कोणती माहिती, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांत, आणि कोण देणार. शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामाच राहील. तो भरल्याशिवाय पायरी ३ कडे जाऊ नका.

कलम २० (३) पाच गोष्टी मागते: कायदे, नियम व मार्गदर्शक सूचना, द्विपक्षीय, प्रादेशिक व बहुपक्षीय करार, जोखीम मूल्यमापनांचे सारांश, आयात किंवा पर्यावरणात सोडण्याबद्दलचे अंतिम निर्णय, आणि कलम ३३ खालचे राष्ट्रीय अहवाल. बहुतेकांचा तक्ता इथेच संपतो, आणि खऱ्या मुदती मात्र इतर कलमांत असतात. थेट अन्न, पशुखाद्य किंवा प्रक्रियेसाठी वापरायच्या आणि सीमेपलीकडे जाऊ शकणाऱ्या जीवाबद्दल देशांतर्गत वापराचा अंतिम निर्णय झाला, की कलम ११ प्रमाणे तो १५ दिवसांत बीसीएचवर हवा. हेतुतः आयातीबद्दलचा आधीचा निर्णय बदलला, तर कलम १२ प्रमाणे ३० दिवसांत संबंधितांना आणि बीसीएचला कारणांसह कळवायचे असते. देशातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाबद्दल घेतलेला निर्णय (कलम ६), चुकून सीमेपलीकडे पसरलेले जीव (कलम १७), बेकायदा वाहतुकीची प्रकरणे (कलम २५) आणि सक्षम प्राधिकरणांचे पत्ते (कलम १९) हेही तक्त्यात लिहा.

नकार हाही निर्णयच आहे आणि तोही नोंदवायचा असतो. परवानग्या तेवढ्या वर आणि नकार फायलीत असे बऱ्याच ठिकाणी दिसते. बाहेरच्या वाचकाला मग ‘नाही म्हटले’ आणि ‘अजून विचारच केला नाही’ यातला फरक कळत नाही.

पायरी २: माणसे नेमा, पदाच्या नावाने

बीसीएचच्या रचनेत दोन भूमिका पक्क्या आहेत. अधिकृत वापरकर्ते नोंदीचा मसुदा तयार करतात. बीसीएचचा राष्ट्रीय नोडल अधिकारी तो तपासून प्रकाशित करतो. प्रकाशनाचा हक्क त्याच्याकडेच असतो आणि तसाच ठेवावा, कारण प्रकाशित नोंद म्हणजे देशाची अधिकृत भूमिका.

अडचण अशी, की माहिती एका खात्यात जन्मत नाही. शेतातल्या चाचण्यांचे कागद कृषी खात्याकडे, अन्नसुरक्षेचे अन्न प्राधिकरणाकडे, अंतिम निर्णय बहुधा पर्यावरण खात्याकडे. म्हणून प्रत्येक खात्यात एक अधिकृत वापरकर्ता आणि एक पर्यायी माणूस नेमा, आणि तो तोंडी सांगून नव्हे तर लेखी आदेशाने. आदेशात ‘अमुक पदावरील अधिकारी’ असे लिहा, व्यक्तीचे नाव लिहू नका. बदली झाली की नावाचा आदेश निरुपयोगी होतो. ईमेलही पदाचा असू द्या. खासगी ईमेलवर उघडलेले खाते माणसाबरोबर निघून जाते.

आदेशात एक वाक्य आवर्जून घाला: निर्णयपत्रावर सही झाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत त्याची प्रत नोंद करणाऱ्याकडे पोचेल. कलम ११ चे १५ दिवस बहुतेक वेळा टंकलेखनात जात नाहीत, ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात जातात. दोन दिवस पोचायला, तीन मसुद्याला, पाच सारांशाच्या भाषांतराला, दोन तपासणीला अशी विभागणी केली, तर तीन दिवस हाताशी उरतात.

पायरी ३: जोडणीचा मार्ग निवडा

मार्ग तीन आहेत. पहिला: सगळ्या नोंदी थेट बीसीएचच्या मध्यवर्ती पोर्टलवर भरायच्या आणि राष्ट्रीय संकेतस्थळाने त्या तिथून ओढून दाखवायच्या. दुसरा: देशाचा स्वतःचा डेटाबेस ठेवायचा आणि त्यातून नोंदी एपीआयद्वारे (दोन संगणक प्रणालींनी आपसात माहिती देण्याघेण्याची सोय) मध्यवर्ती पोर्टलकडे पाठवायच्या. तिसरा: दोन्हीकडे हाताने भरायचे.

तिसरा मार्ग कागदावर सगळ्यांत सोपा वाटतो. तो निवडू नका. वर्षभरात दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा दिसू लागतात आणि खरी कोणती हे ठरवायला पुन्हा फाइल काढावी लागते. वर्षाला काही मोजके निर्णय होत असतील तर पहिला मार्ग पुरे. अर्जांची छाननी, समित्यांच्या बैठका, शुल्क, चाचणीच्या जागांची तपासणी असे देशांतर्गत कामही याच प्रणालीतून चालवायचे असेल, तरच दुसरा. त्यासाठी कायमचा प्रोग्रॅमर लागतो, कारण मध्यवर्ती पोर्टलचे नमुने अधूनमधून बदलतात आणि जोडणी तुटते.

पहिल्या मार्गात एक खबरदारी: ओढलेल्या नोंदींची रोज एक स्थानिक प्रत साठवा. नाहीतर पलीकडचा सर्व्हर बंद पडला, की तुमचे पान कोरे दिसते आणि देशात एकही निर्णय झालेला नाही असा वाचकाचा समज होतो.

पायरी ४: माहितीचा सांगाडा

खरे डोके इथे लागते. नवखा गट सहसा एक एक्सेल पत्रक काढतो: एका ओळीत एक पीक, आणि पुढे ‘परवानगी: होय/नाही’. हे पत्रक पहिल्याच महिन्यात कोलमडते. एकाच इव्हेंटला, म्हणजे पेशीत घडवलेल्या त्या विशिष्ट जनुकीय बदलाला, अन्न म्हणून आयातीची परवानगी असू शकते, लागवडीला नकार असू शकतो, आणि शेतातल्या चाचणीची मुदत संपलेली असू शकते. ‘होय’ म्हणावे की ‘नाही’?

म्हणून एक ओळ म्हणजे एक निर्णय. बाकीचे तक्ते त्याला जोडा: मूळ प्रजाती, जनुकीय घटक, जनुकीय बदल केलेला जीव, अर्ज, जोखीम मूल्यमापन, कायदा, प्राधिकरण. निर्णयाच्या ओळीत निदान इतके असावे: निर्णय क्रमांक, इव्हेंट, वापराचा प्रकार, निकाल, अटी, सहीची तारीख, कळवल्याची तारीख आणि प्रकाशनाची तारीख, मुदत कधी संपते, कोणत्या कायद्याखाली, कोणत्या मूल्यमापनाच्या आधारे, आणि ‘कोणत्या नंतरच्या निर्णयाने बदलला’. तीन तारखा वेगळ्या ठेवणे कंटाळवाणे वाटते, पण मुदत पाळली की नाही हे त्यांच्याशिवाय सिद्ध करता येत नाही.

निकालाचे पर्याय प्रोटोकॉलच्या कलम १० मधूनच घ्या: संमती (अटींसह किंवा विनाअट), मनाई, अधिक माहितीची मागणी, मुदतवाढ. त्यातली विनाअट संमती सोडली तर प्रत्येक निकालाची कारणे द्यावी लागतात. फॉर्ममध्ये ‘कारणे’ हा रकाना तसाच बांधा: विनाअट संमती निवडली तर ऐच्छिक, अन्यथा भरल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा.

नोंद कधीही पुसू नका. चूक दुरुस्त करायची असेल तर नवी आवृत्ती काढा आणि जुनी ‘बदललेली’ अशा शेऱ्यासह उघडी ठेवा. दोन वर्षांपूर्वीची खेप त्या वेळच्या निर्णयानुसार आली होती की नाही, हे कधीतरी न्यायालयात विचारले जाते.

प्रजाती, जनुके आणि जीव यांच्या बऱ्याच नोंदी मध्यवर्ती पोर्टलवर आधीच असतात. नवी करण्याआधी तिथे शोधा आणि सापडलेली जोडा. एकाच जनुकाच्या तीन स्पेलिंगांनी तीन नोंदी झाल्या, की ‘हे जनुक असलेली सर्व पिके दाखवा’ हा साधा शोधही अर्धवट उत्तर देतो.

पायरी ५: ओळख क्रमांक आणि त्याचे सापळे

वनस्पतींच्या इव्हेंटला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेच्या पद्धतीचा एकमेव ओळख क्रमांक असतो. त्यात नऊ अक्षर-अंक आणि दोन जोडरेषा असतात: आधी अर्जदाराची दोन किंवा तीन अक्षरे, मग इव्हेंटचे सहा किंवा पाच अक्षर-अंक, आणि शेवटी एक पडताळा अंक. कीडप्रतिकारक मक्याचा एमओएन-००८१०-६ हा ३-५-१ घडणीचा, तर सोयाबीनचा डीपी-३०५४२३-१ हा २-६-१ घडणीचा. प्रणालीने दोन्ही घडणी स्वीकारल्या पाहिजेत. फक्त पहिली घेणारे फॉर्म सर्रास दिसतात.

पडताळा अंक असा काढतात: रोमन लिपीतल्या अक्षरांना क्रमाने १ ते २६ किमती द्या, अंकांना त्यांचीच किंमत, सगळ्यांची बेरीज करा आणि एक अंक उरेपर्यंत बेरजेतले अंक मिळवत जा. मक्याच्या उदाहरणात एम १३, ओ १५, एन १४, मिळून ४२. त्यात ०, ०, ८, १, ० चे ९ मिळवा: ५१. पाच आणि एक, सहा. जुळले.

ही तपासणी फॉर्ममध्ये जरूर घाला, पण तिच्यावर विसंबू नका. नुसती बेरीज असल्याने अंकांची अदलाबदल तिला कळत नाही: ००८१० ऐवजी ००८०१ टाइप झाले तरी उत्तर सहाच. शिवाय मक्याचा एमओएन-००८१०-६, कापसाचा एमओएन-००५३१-६ आणि सोयाबीनचा एमओएन-०४०३२-६, तिन्हींचा पडताळा अंक सहाच आहे. म्हणून क्रमांक टाकल्याबरोबर पडद्यावर पिकाचे नाव दिसू द्या आणि भरणाऱ्याला ते निवडून पक्के करायला लावा.

सगळ्यांत त्रासदायक आहे ते शून्य. रोमन ‘ओ’ अक्षराशी गल्लत होऊ नये म्हणून ओईसीडीच्या लेखनात शून्यावर तिरकी रेघ मारतात. संगणकावर मात्र ते चिन्ह काढायला लोक रेघ असलेले ‘ओ’ हे नॉर्डिक अक्षर वापरतात. परिणामी एकच क्रमांक डेटाबेसमध्ये तीन रूपांत येतो: साधे शून्य, रेघेचे अक्षर, आणि निष्काळजीपणे टाइप केलेले ‘ओ’. पडताळा अंक इथे वाचवेल असे वाटते. तीन शून्यांच्या जागी तीन ‘ओ’ पडले तर बेरीज ४५ ने वाढते, ५१ ची ९६ होते, नऊ आणि सहा पंधरा, एक आणि पाच पुन्हा सहा. चूक बिनबोभाट आत जाते.

उपाय सोपा आहे. साठवताना नेहमी साधे शून्य ठेवा. दाखवताना हवे तर रेघ मारा. शोधाच्या वेळी रेघेचे अक्षर आपोआप शून्यात बदला. आणि इव्हेंटच्या भागात ‘ओ’ अक्षर आले तर ‘हे शून्य आहे का?’ असे विचारा. इव्हेंटच्या भागात अक्षरे येऊच शकत नाहीत असे मात्र धरू नका. एसवायएन-बीटी०११-१ सारखे क्रमांक खरे आहेत.

दोन इव्हेंट संकराने एकत्र आलेल्या पिकात क्रमांक जोडून लिहिले जातात, उदाहरणार्थ एमओएन-१५९८५-७ आणि एमओएन-०१४४५-२ हे गुणिले चिन्हाने. अशा पिकाची स्वतंत्र नोंद करून ती दोन्ही जनक इव्हेंटांना जोडा. ‘दोन्ही जनकांना परवानगी, म्हणून संकरालाही’ असा निष्कर्ष संगणकाला काढू देऊ नका. त्याचे उत्तर तुमच्या कायद्यात आहे, आणि ते देशागणिक बदलते.

पायरी ६: दिवस मोजणारे घड्याळ

आयातीचा अर्ज मिळाल्यावर कलम ९ प्रमाणे ९० दिवसांत लेखी पोच, आणि कलम १० प्रमाणे २७० दिवसांत निर्णय. अर्जदाराकडून अधिक माहिती मागवली, तर तिची वाट पाहण्याचे दिवस २७० मध्ये धरत नाहीत. म्हणजे घड्याळाला ‘थांबा’ आणि ‘पुन्हा चालू’ अशी दोन बटणे हवीत, आणि प्रत्येक वेळी तारीख व पत्र क्रमांक मागायला हवा. नुसती दोन तारखांची वजाबाकी करणारी प्रणाली खोटे लाल दिवे दाखवते आणि महिन्याभरात तिच्याकडे कोणी पाहीनासे होते.

प्रोटोकॉल ‘दिवस’ म्हणतो, कामकाजाचे दिवस म्हणत नाही. कार्यालयाच्या सवयीने ९० कामकाजाचे दिवस मोजले, तर पाच दिवसांच्या आठवड्यात ते १८ आठवडे, म्हणजे १२६ दिवस होतात.

मुदत उलटली म्हणून अर्ज आपोआप मंजूर करणारी सोय काही तयार सॉफ्टवेअरमध्ये असते. ती बंद करा. पोच किंवा निर्णय वेळेत कळवला नाही म्हणजे संमती दिली असे होत नाही, हे कलम ९ आणि १० दोन्हीत स्पष्ट आहे.

पायरी ७: गोपनीय माहिती

अर्जदार काही माहिती गोपनीय ठेवण्याची मागणी करू शकतो. पण कलम २१ (६) प्रमाणे चार गोष्टी गोपनीय ठरत नाहीत: अर्जदाराचे नाव-पत्ता, जीवाचे सर्वसाधारण वर्णन, जोखीम मूल्यमापनाचा सारांश, आणि आणीबाणीत करायच्या उपायांच्या पद्धती व योजना. फॉर्ममध्ये या चार रकान्यांपुढे ‘गोपनीय’ हा पर्यायच देऊ नका.

अर्ज सुरुवातीपासून दोन संचांत घ्या: एक संपूर्ण, एक जाहीर करण्याजोगा. संपूर्ण संच वेगळ्या सर्व्हरवर, जाहीर संकेतस्थळाशी जोडणी नसलेला. कार्यालयात बसून पीडीएफवर काळे चौकोन ओढणे हा उपाय नव्हे. चौकोनाखालचा मजकूर तसाच राहतो, निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. झाकायचा मजकूर मूळ फाइलमधून काढून टाका, मग पीडीएफ बनवा, आणि फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव किंवा जुने शीर्षक उरले नाही ना ते पाहा. अर्ज मागे घेतला गेला तरी गोपनीयता संपत नाही. स्थिती ‘मागे घेतला’ करा, संपूर्ण संचाचे कुलूप तसेच ठेवा.

पायरी ८: शब्दसूची आणि भाषा

पर्याय ठरलेल्या यादीतून निवडायचे असतील तिथे मोकळा मजकूर लिहू देऊ नका. बीसीएचचे स्वतःचे नमुने आणि नियंत्रित शब्दसूची आहे, तीच वापरा. देशी कायद्यातले वर्ग वेगळे असतील तर जोडसारणी करा: आपला वर्ग डावीकडे, बीसीएचचा उजवीकडे. एकास एक जोडी जमत नाही तिथे विधी सल्लागाराला बसवा, प्रोग्रॅमरला ठरवू देऊ नका.

बीसीएचवरची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या सहांपैकी एका अधिकृत भाषेत भरायची असते. मूळ निर्णय देशाच्या भाषेत असेल तर तो जोडाच, आणि सारांश दोन्ही भाषांत ठेवा. भाषांतर करताना अटींच्या वाक्यांवर सर्वाधिक वेळ घाला. ‘५० मीटर विलगीकरण अंतर राखावे’ आणि ‘राखणे इष्ट’ यात कायद्याचा फरक पडतो.

पायरी ९: संकेतस्थळ

आता संकेतस्थळ, आणि यावर फार वेळ घालवायची गरज नाही. जैवविविधता कराराच्या सचिवालयाचे ‘बायोलँड’ हे साधन राष्ट्रीय क्लिअरिंग-हाउसच्या संकेतस्थळांसाठी फुकट मिळते. आधी ते पाहा, मग निविदेचा विचार करा. प्रत्येक नोंदीला न बदलणारा पत्ता द्या. मांडणी बदलली तरी दुवा तुटता कामा नये. स्कॅन केलेल्या पानांवर ओसीआर (चित्रातली अक्षरे शोधण्याजोग्या मजकुरात बदलणारे साधन) चालवा, नाहीतर कायदा वर असूनही शोधात सापडत नाही. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये बदलून माणसाकडून वाचून घ्या, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि आकडे हमखास बिघडतात.

रोजची बॅकअप प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि तिमाहीतून एकदा ती प्रत्यक्ष परत चढवून पाहा. डोमेन आणि सुरक्षा प्रमाणपत्र यांच्या नूतनीकरणाच्या तारखा पदाच्या ईमेलवर येतील असे करा.

पायरी १०: वीस नोंदींवर चाचणी

सगळी जुनी कपाटे एकदम उपसू नका. आधी वीस नोंदी निवडा, मुद्दाम अवघड: एक नकार, एक मुदत संपलेली चाचणी, एक मागे घेतलेला अर्ज, एक संकर पीक, एक बदललेला निर्णय, एक पत्र हरवलेला. त्या भरताना सांगाडा जिथे अडतो तिथे दुरुस्त करा. मग अंमलात असलेले कायदे, त्यानंतर चालू परवानग्या, आणि शेवटी जुना इतिहास असा क्रम धरा. जुन्या निर्णयाची तारीख कागदावर नसेल तर अंदाजाने लिहू नका. ‘तारीख उपलब्ध नाही’ असा पर्याय ठेवा आणि कोणते कागद पाहिले ते आतल्या शेऱ्यात नोंदवा.

खुली करण्याआधी प्रणाली बाहेरच्या चार जणांपुढे ठेवा: एक सीमाशुल्क अधिकारी, एक अर्जदार, एक पत्रकार, एक शेतकरी संघटनेचा माणूस. प्रत्येकाला एक ओळख क्रमांक द्या आणि विचारा: आजच्या तारखेला हे पेरता येते का, आणि कोणत्या अटींवर? कुठे थांबतात ते शेजारी बसून टिपा, मदत करू नका. बहुतेक जण ‘वापराचा प्रकार’ या गाळणीपाशी (फिल्टरपाशी) अडतात, कारण तिथे कायद्याची भाषा असते. गाळणीवर साधे शब्द लिहा, कायद्याचा शब्द खालच्या ओळीत द्या.

खुली झाल्यावर दर तिमाहीला नोडल अधिकाऱ्याने तीन याद्या काढाव्यात: मुदत संपत आलेल्या परवानग्या, सही होऊन १५ दिवस झाले तरी प्रकाशित न झालेले निर्णय, आणि ९० दिवसांत एकदाही लॉगिन न केलेले अधिकृत वापरकर्ते. तिसऱ्या यादीतल्यांना फोन करा. निम्म्यांची बदली झालेली निघाली, तर खाती त्याच दिवशी बंद करून पर्यायी माणसाच्या नावे नवी उघडा, आणि अर्धवट मसुदे कोणाकडे गेले ते नोंदवहीत लिहा.